एस७-३०० चं कार्ड दर हंगामात जातं आणि बाजारात मिळत नाही, तेव्हा काय करायचं

गळीत हंगाम भरात असतो, गव्हाणीवर उसाच्या गाड्यांची रांग असते आणि बॅच सेंट्रिफ्युगलचं (मळीतून साखर वेगळी करणाऱ्या यंत्राचं) पॅनेल बंद पडतं. पाळीवरचा माणूस सांगतो, 'सीपीयू गेला.' पर्चेसकडून पुण्या-मुंबईला फोन सुरू होतात: '३१५ सीपीयू आहे का?' कुणी दुप्पट भाव सांगतं, कुणी महिन्यांची मुदत. शेवटी कुठून तरी कार्ड येतं. ते बसत नाही, किंवा बसलं तरी थोड्याच दिवसांत जातं. पुढच्या हंगामात पुन्हा हाच प्रकार.

साखर कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंट विभागात काम करताना हा प्रकार इतका पाहिलाय की त्यावर सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. उदाहरण सीमेन्सच्या एस७-३०० चं घेतोय (हा पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा औद्योगिक संगणक; त्याच्या रॅकमध्ये सीपीयू आणि बाकीची कार्डं ओळीने बसतात), कारण आपल्याकडे सेंट्रिफ्युगल, बॉयलर आणि मिल ड्राइव्हच्या पॅनेलांत ते अजून मोठ्या संख्येने चालू आहे. ही मालिका १९९० च्या दशकाच्या मध्यात आली. ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीने तिचा फेज-आउट सुरू केला आणि सुटे भाग २०३३ पर्यंत देण्याचं जाहीर केलं. त्यामुळे '२०३३ पर्यंत काळजी नाही' असं बरेच जण धरून चालतात. पण ती मुदत मालिकेतल्या शेवटच्या पिढीच्या कार्डांना लागू आहे. तुमच्या रॅकमधलं कार्ड विसेक वर्षांपूर्वीचं असेल, तर तो नंबर कंपनीच्या यादीतून केव्हाच गेलेला असू शकतो.

माझं ठाम मत आहे की या शोधातलं अर्धं काम पॅनेलसमोर, फोन उचलण्याआधी व्हायला हवं.

आधी बघा, कार्ड खरंच गेलंय का

'गेला' म्हणून काढलेले बरेच सीपीयू टेबलवर व्यवस्थित चालतात. हंगामाच्या सुरुवातीला तर हे हमखास होतं. जुन्या ३१५-२ डीपीमध्ये (नंबरात २एएफ०३ असतं तो) प्रोग्राम रॅममध्ये राहतो आणि वीज नसताना त्याला ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी सांभाळते. हंगाम संपला की आपण पॅनेलची वीज बंद करतो. पावसाळाभर सगळा भार त्या बॅटरीवर. अग्निप्रदीपनानंतर ट्रायलला पॅनेल चालू केलं, की सीपीयू स्टॉपमध्ये आणि आत प्रोग्रामच नाही. लोक सीपीयू बदलायला धावतात, आणि नवा सीपीयूही रिकामाच असतो. बॅटरी बदला, प्रोग्राम टाका, काम झालं. बॅटरी मात्र पॅनेल चालू असतानाच बदलायची. आत प्रोग्राम शाबूत असेल आणि वीज बंद करून जुनी काढलीत तर तोही जाईल.

सीपीयूवरचा डीसी५व्ही दिवा लागत नसेल तर आधी २४ व्होल्ट सप्लाय मोजा. एस७-३०० ला २०.४ ते २८.८ व्होल्ट चालतात. मल्टिमीटरवर डीसी बरोबर दिसलं म्हणून थांबू नका. तोच मीटर एसी रेंजवर ठेवून रिपल (डीसीवरची चढउतार) बघा, आणि तोही लोड चालू असताना. पीएस ३०७ (एस७-३०० चा २४ व्होल्ट सप्लाय) मधले कपॅसिटर सुकले की सप्लाय लोडशिवाय छान दिसतो आणि चार व्हॉल्व्ह एकदम ओढले की खाली बसतो. सीपीयू रिसेट होतो आणि नाव सीपीयूचं येतं.

एसएफचा (सिस्टम फॉल्टचा) लाल दिवा लागून सीपीयू स्टॉपला गेला असेल तर लॅपटॉप लावून डायग्नॉस्टिक बफर (सीपीयूने ठेवलेली दोषांची नोंद) वाचल्याशिवाय काहीही काढू नका. एखाद्या ड्राइव्हचा प्रोफिबस (सीपीयूला बाकी उपकरणांशी जोडणारं केबलचं जाळं) कनेक्टर ढिला झाला आणि प्रोग्राममध्ये ओबी ८६ (जोडलेलं उपकरण गेलं तर चालणारा ब्लॉक) टाकलेला नसेल, तर स्लेव्ह (ते जोडलेलं उपकरण) गेल्याबरोबर अख्खा सीपीयू थांबतो. दोष त्या कनेक्टरच्या एका स्क्रूत असतो. बफरमध्ये स्लेव्हचा पत्ताही दिसतो, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही.

तेच कार्ड पुन्हा पुन्हा का जातं

एकाच स्लॉटमधलं कार्ड दर हंगामात जात असेल तर स्टोअरमध्ये ठेवलेलं दुसरं कार्डही त्याच वाटेने जाणार. कारण सापडेपर्यंत नवं कार्ड विकत घेणं म्हणजे पैसे घालवणं आहे.

सगळ्यात जास्त जातं ते डिजिटल आउटपुट कार्ड, ३२२-१बीएल००. बत्तीस आउटपुट, प्रत्येकी ०.५ अँपिअर. त्यावर आपण सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या कॉइल थेट जोडतो. कॉइल बंद होताना उलटा व्होल्टेज मारते. कार्डात संरक्षण असतं, पण या कार्डाच्या माहितीपत्रकातच इंडक्टिव्ह लोडसाठी स्विचिंगची मर्यादा ०.५ हर्ट्झ दिलेली आहे, म्हणजे दोन सेकंदांत एकदाच. सेंट्रिफ्युगलमध्ये सायकल सतत फिरत असते आणि एखादा व्हॉल्व्ह त्याहून जास्त वेळा उघडझाप करतो. तोच चॅनेल आधी जळतो, मग शेजारचा. उपाय साधा आहे: प्रत्येक डीसी कॉइलच्या टोकाला, म्हणजे व्हॉल्व्हजवळच, १एन४००७ डायोड उलटा लावा किंवा मधे इंटरपोझिंग रिले घाला. डायोडमुळे व्हॉल्व्ह सुटायला थोडा उशीर होतो. जिथे वेळ काटेकोर हवी तिथे व्हॅरिस्टर वापरा. रिलेचा दुसरा फायदा असा की उद्या कार्ड बदलून दुसऱ्या मालिकेचं बसवलं तरी फील्डची वायरिंग तशीच राहते.

दुसरं कारण हवेत आहे. आपल्याकडे बहुतेक कारखाने डबल सल्फिटेशनने (रस आणि पाक सल्फर डायऑक्साइडने शुद्ध करून) साखर करतात. सल्फर बर्नरजवळच्या पॅनेलमध्ये सल्फर डायऑक्साइड शिरतो आणि फ्रंट कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. एस७-३०० साठी कंपनीने दिलेली मर्यादा ०.५ पीपीएम आहे, तीही साठ टक्क्यांखाली आर्द्रता असताना. आपल्या रस गरम करण्याच्या विभागात दोन्ही अटी पाळल्या जात नाहीत. अॅनालॉग रीडिंग कधी बरोबर, कधी उडतं, कार्ड काढून पुन्हा बसवलं की दोन दिवस ठीक चालतं, असा अनुभव असेल तर कार्ड फेकू नका. कनेक्टर आणि बॅकप्लेनचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. मग पॅनेलच्या दाराचा गॅस्केट आणि केबल ग्लँड बघा, हवा तिथूनच येते.

तिसरं कारण उष्णता. रॅक आडवा बसवला असेल तर ६० अंशांपर्यंत चालतो, उभा बसवला असेल तर फक्त ४०. जागा नाही म्हणून उभे बसवलेले रॅक मी बॉयलरच्या बाजूला पाहिलेत आणि तिथली कार्डं टिकत नाहीत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पॅनेलचा पंखा आणि बगॅसच्या भुश्श्याने बुजलेला फिल्टर यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघाल.

पावसाळ्यात पॅनेल पूर्ण बंद ठेवण्याऐवजी आतला स्पेस हीटर चालू ठेवा. दमट हवा आणि बंद पॅनेल मिळून जेवढं नुकसान करतात तेवढं चालू पॅनेलमध्ये होत नाही.

नंबर पूर्ण लिहा

कार्ड खरंच गेलंय याची खात्री झाली, मग शोध. इथे बहुतेक इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) चूक असते: 'सीपीयू ३१५, नग १'. या नावाखाली एकमेकांच्या जागी न चालणारे कितीतरी सीपीयू येतात.

कार्डाच्या दारावर किंवा आतल्या लेबलवर पूर्ण ऑर्डर नंबर असतो. ६ईएस७ ३१५-२एएफ०३-०एबी० हा बॅटरीवाला. ६ईएस७ ३१५-२एजी१०-०एबी० हा त्यानंतरचा, त्यात बॅटरी नाही पण मायक्रो मेमरी कार्ड लागतंच, त्याशिवाय तो चालत नाही. त्याच्याही नंतरचा २एएच१४. मधलं अक्षर बदललं (एएफ, एजी, एएच) की पिढी बदलली असं समजा. शेवटचे आकडे बदलले तर बहुधा त्याच कार्डाची सुधारित आवृत्ती असते आणि चालून जाते, उदाहरणार्थ अॅनालॉगचं ३३१-७केएफ०१ आणि ७केएफ०२.

२एएफ०३ च्या जागी २एजी१० घालायचा असेल तर घालता येतो, पण स्टेप ७ (सीमेन्सचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) मध्ये हार्डवेअर कॉन्फिगरेशन बदलून, प्रोग्राम पुन्हा डाउनलोड करून. म्हणजे मूळ प्रोजेक्ट हातात हवा. रात्री दोन वाजता तो शोधत बसणं परवडणारं नाही.

नंबराशिवाय फर्मवेअर आवृत्ती आणि लेबलवरचा तो छोटा चौकोन, ज्यात १, २, ३, ४ आकडे असतात आणि एका ठिकाणी एक्स असतो, तोही लिहून घ्या. फोटो काढून ठेवणं सगळ्यात उत्तम: दार उघडून, लेबल स्पष्ट दिसेल असा, प्रत्येक स्लॉटचा.

अजून एक गोष्ट फार कमी जण शोधतात. ६एजी१ ने सुरू होणारे नंबर म्हणजे सिप्लस. तेच कार्ड, पण बोर्डावर संरक्षक लेप असलेलं, खराब हवेसाठी बनवलेलं. ६ईएस७ मिळत नसेल तेव्हा त्याच्या जोडीचं ६एजी१ कधी कधी एखाद्या विक्रेत्याकडे पडून असतं, आणि आपल्या सल्फरच्या हवेत ते जास्त चांगलं. सीपीयूसाठी तिसरा रस्ता व्हिपाचा आहे. ही जर्मन कंपनी आता यास्कावाच्या मालकीची आहे. तिचे ३००एस सीपीयू स्टेप ७ मधूनच प्रोग्राम होतात. मात्र हा पर्याय टेस्ट रॅकवर पूर्ण चालवून बघितल्याशिवाय हंगामात लावू नये.

कार्ड काढण्याआधी

चालू सीपीयूमधून प्रोग्राम अपलोड करून घ्या. फक्त त्यावर विसंबू नका. अपलोड केलेल्या ब्लॉकमध्ये सिम्बॉल आणि कॉमेंट येत नाहीत. उरतात ते नुसते पत्ते: एम १०.३, डीबी ५, क्यू ४.१. प्रोग्राम चालेल, पण वाचता येणार नाही. मूळ प्रोजेक्ट यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी मागा, तीन वर्षं जुना असला तरी मागा. काही ब्लॉक लॉक केलेले असतात, ते उघडत नाहीत. तरी ते नव्या सीपीयूत जसेच्या तसे टाकता येतात.

मायक्रो मेमरी कार्ड विंडोजमध्ये फॉरमॅट करू नका. साध्या एसडी कार्डासारखं दिसतं म्हणून कार्ड रीडरमध्ये घालून 'फॉरमॅट' दाबलं, की ते सीपीयूला परत ओळखू येत नाही. आणि ते कार्डही आता सहज मिळत नाही.

अॅनालॉग ३३१-७केएफ०२ बदलताना कडेला असलेले छोटे मेझरिंग रेंज मॉड्यूल जुन्या कार्डासारखेच फिरवून घ्या. ए थर्मोकपल आणि आरटीडी या तापमानाच्या सेन्सरना, बी व्होल्टेजला, सी चार-वायर करंटला, डी दोन-वायर करंटला. कार्ड येतं तेव्हा ते बीवर असतात. आपले ट्रान्समीटर बहुतेक दोन-वायर. 'नवं कार्डही खराब आलं' ही तक्रार बऱ्याचदा या छोट्या खाचेतून येते.

शोध कुठे

पहिला फोन शेजारच्या कारखान्याला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात कारखाने इतके जवळजवळ आहेत आणि एकाच बनावटीची सेंट्रिफ्युगल इतकी आहेत, की तुम्हाला हवं असलेलं कार्ड तासाभराच्या अंतरावर कुणाच्या तरी स्टोअरमध्ये नक्की असतं. अडचण एवढीच की ते कुणाला माहीत नसतं. इन्स्ट्रुमेंट विभागांनी आपापल्या स्पेअरची यादी, पूर्ण नंबरासह, हंगामाआधी एकमेकांना दिली तर निम्मे ब्रेकडाऊन उसनवारीवर निभावतील. सहकारी कारखान्यात उसनं देण्याची कागदपत्रं कशी करायची हे चीफ अकाउंटंटकडून ऑगस्टमध्येच ठरवून घ्या.

दुसरं, ज्या कारखान्यात पॅनेल नवीन होतंय तिथलं जुनं भंगारात जाण्याआधी पकडा. भंगारवाला रॅक कापून वजनावर घेतो. चालू स्थितीत उतरवलेलं कार्ड आणि कापून आणलेलं कार्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं, वापरलेला माल विकणारे आणि दुरुस्ती करणारे, भोसरी-चिंचवड पट्ट्यातले आणि बाहेरचे. इथे आपली खरेदीची पद्धत आड येते. तीन कोटेशनं आणि सगळ्यात कमी भाव, हा नियम सिमेंटच्या गोण्यांना ठीक आहे. बंद झालेल्या कार्डाला तो लावला तर सगळ्यात वाईट माल येतो. ऑर्डरमध्येच लिहा: पूर्ण ऑर्डर नंबर, प्रत्यक्ष देणार त्याच नगाचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो, लोड लावून तपासल्याचा अहवाल, परत घेण्याची मुदत, पक्कं बिल. ज्याला हे जमत नाही तो आपोआप गळेल आणि खरेदी समितीलाही कारण लेखी दिसेल.

कार्ड आलं की डबा उघडतानाच बघा. लेबल दुसऱ्या लेबलावर चिकटवलंय का, स्क्रूच्या डोक्यावर खुणा आहेत का, बॅकप्लेनच्या पिना ओरखडलेल्या आहेत का, बोर्डावर ताजा फ्लक्स दिसतोय का. बनावट आणि रंगरंगोटी केलेला माल बाजारात आहे, हे गृहीत धरूनच तपासायचं. शिवाय मागचा यू आकाराचा बस कनेक्टर आलाय का पाहा. नव्या कार्डाबरोबर तो मिळायचा, वापरलेल्याबरोबर बहुधा नसतो, आणि त्याच्याशिवाय रॅकमध्ये पुढचं एकही कार्ड दिसत नाही.

मग टेस्ट रॅक. प्रत्येक कारखान्यात एक रेल, एक पीएस ३०७ आणि एक सीपीयू टेबलवर कायम जोडलेला हवा. आलेलं कार्ड त्यावर दोन दिवस सतत चालवा, प्रत्येक आउटपुटला खरा लोड द्या, अॅनालॉगला ४, १२ आणि २० मिलिअँपिअर घालून आकडे लिहा. यातून पार झाल्याशिवाय त्याला स्टोअरमध्ये 'स्पेअर' म्हणू नका.

दुरुस्तीबद्दल थोडं

पॉवर सप्लाय दुरुस्त होतो. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले), नावाजलेल्या कंपनीचे कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. आउटपुट कार्डातले जळलेले ड्रायव्हर बदलता येतात. सीपीयूत बहुतेक वेळा एमपीआय पोर्टची (जिथे लॅपटॉपची केबल लागते) आरएस-४८५ चिप जाते, लॅपटॉप आणि पॅनेलच्या अर्थिंगमध्ये फरक असताना केबल लावल्याने. ती बदलली की सीपीयू ठणठणीत. मुख्य प्रोसेसर किंवा त्यातलं फर्मवेअर गेलं असेल तर मात्र वेळ घालवू नका.

पुढची काही वर्षं

चार सारख्या सेंट्रिफ्युगलपैकी एकच यंत्र ऑफ सीझनमध्ये नव्या मालिकेच्या पीएलसीवर न्या. त्यातून निघालेली सगळी कार्डं उरलेल्या तीन यंत्रांचे स्पेअर होतात, आणि ती कुठून आली, कशी चालत होती हे तुम्हाला माहीत असतं. बाजारातल्या कुठल्याही मालाला ही खात्री नाही. पुढच्या ऑफ सीझनला दुसरं यंत्र. खर्च वर्षावर्षांत विभागला जातो, संचालक मंडळालाही मंजूर करणं सोपं जातं.

पैसे अगदीच कमी असतील तर मधला मार्ग आहे. जुन्या रॅकमधला सीपीयू काढून तिथे आयएम १५३ (इंटरफेस मॉड्यूल) बसवा. रॅक ईटी २००एम होतो, म्हणजे दुसरीकडच्या सीपीयूला प्रोफिबसने जोडलेला नुसता इनपुट-आउटपुट रॅक; फ्रंट कनेक्टर आणि फील्ड वायरिंगला हातही लावावा लागत नाही. सीपीयू वेगळा, एस७-१५०० या नव्या मालिकेचा, डीपी (प्रोफिबस) पोर्ट असलेला. जुना सीपीयू शोधण्याची कटकट संपते. ईटी २००एमसुद्धा त्याच फेज-आउटमध्ये आहे, त्यामुळे इनपुट-आउटपुट कार्डांचा प्रश्न राहतोच, पण ती कार्डं दुरुस्त होतात आणि जास्त मिळतात.

या दोन्ही मार्गांना स्टेप ७ चा मूळ प्रोजेक्ट लागतो, कारण टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये) मायग्रेशन तिथूनच होतं. तुमच्याकडे फक्त अपलोड केलेले, नावं नसलेले ब्लॉक असतील तर या पावसाळ्यात वायरिंग ड्रॉइंग पुढ्यात घेऊन सिम्बॉल टेबल भरायला बसा. आधी इनपुट, मग आउटपुट, मग टायमर. एका सेंट्रिफ्युगलला दोन माणसं धरा, एक पॅनेलवर आणि एक लॅपटॉपवर.